सत्तावन्न वर्षांचा हैसम

सैदा, ९ मार्च २०२३

प्रिय लमीस,

अनेक आशीर्वाद. शेजारच्या रियादच्या आईचा जावई दुबईला परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. सोबत झातर मसाल्याची बरणी आणि नारिंगीच्या फुलांचं पाणी आहे. बाटलीचं झाकण सैल आहे, आडवी ठेवू नकोस. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, आणि हे मला वाऱ्यावर जायला नकोय.

तू दिलेल्या त्या टॅबलेटच्या पाटीवर मी तुमच्या बातम्यांच्या साइटवरचं 'उद्या' हे पान रोज वाचते. जनरेटरची वीज असेल तोवर सगळं वाचते. बाई गं, काय चाललंय तुमचं? सोमवारी लिहिता की यंत्रं आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार. बुधवारी लिहिता की यंत्रं कॅन्सर बरा करणार. शुक्रवारी, नमाजाच्या वेळेला, यंत्रं माणसालाच संपवणार. आठवड्यात एकदा जन्नत आणि दोनदा कयामत! आणि प्रत्येक बातमीवर तोच तो निळा, टकला, साहेबी नाकाचा यंत्रमानवाचा पुतळा. चाळीस वर्षं मी शाळेत निबंध तपासले. तुझ्या एका बातमीत 'क्रांती' हा शब्द सहा वेळा आला होता. मी असते तर चार मार्क कापले असते.

पण मागच्या आठवड्याची बातमी मी अकरा वेळा वाचली. वर तुझं नाव होतं. 'हरवलेल्यांचे चेहरे यंत्र शोधणार: जुन्या फोटोवरून आजचा माणूस.' त्यात लिहिलंयस की दोन वर्षांत जगात कोणी बेपत्ता राहणार नाही.

लमीस, माझ्या पोराचा, तुझ्या हैसमदादाचा, एक फोटो सोबत पाठवतेय. ओळखपत्रावरचा आहे, तो सतराचा असतानाचा. बाकीचे घराबरोबर जळाले. लढाईच्या दिवसांत बंदूकवाल्यांनी नाक्यावरून त्याला नेलं तेव्हा तो एकोणीसचा होता, आता सत्तावन्नचा असेल. तो आज कसा दिसतो ते मला पाहायचंय. रस्त्यात समोरून आला आणि मी ओळखलंच नाही, तर? अडतीस वर्षं मला हीच एक धास्ती आहे.

फोटो सांभाळ. दुसरा नाही.

तुझी,
नाझिकआत्या

*

दुबई, २ एप्रिल २०२३

प्रिय आत्या,

सलाम. रोजे कसे चाललेत? इथे इफ्तारला ऑफिसातच डबे येतात. मसूराचं सूप असतं, पण तुझ्या सुपाची सर नाही त्याला. बाटली उभीच ठेवली होती, तरी अर्धी सांडली. माझी बॅग अजून नारिंगीच्या बागेसारखी घमघमतेय.

'क्रांती'बद्दल कान पकडते. आमचं काम कसं चालतं ते सांगते, मग तूच मार्क दे. सकाळी परदेशातून बातम्या येतात, इंग्रजीत. मला एकेका बातमीला चाळीस मिनिटं मिळतात. आमचे संपादक शुक्रीसाहेब म्हणतात, "वाचकाला एक तर स्वर्ग दाखव नाही तर नरक. मधल्या बसस्टॉपवर कोणी उतरत नाही." मग मी तसं करते. उद्या कायम दुसऱ्यांच्या देशात घडतो आत्या, आपण नुसतं त्याचं भाषांतर करतो. शोध त्यांचे, तज्ज्ञ त्यांचे, तो टकला पुतळाही त्यांचाच.

फोटो मिळाला. मी हैसमदादाला कधी पाहिलं नाही, त्याला नेल्यानंतर चार वर्षांनी मी जन्मले. फोटो टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ बघत बसले. किती पोरसवदा आहे गं!

मी प्रयत्न करते. एवढ्या एका फोटोवर यंत्राला जमायला थोडं अवघड जाईल. त्याच्याबद्दल आठवेल ते सगळं लिहून पाठव.

तुझी,
लमीस

*

सैदा, ३० एप्रिल २०२३

प्रिय लमीस,

ईद मुबारक. मी भाजलेले मामूल पाठवतेय, आत खजूर भरलेले वेगळे आणि पिस्ता भरलेले वेगळे बांधलेत. एकत्र करू नकोस.

आठवेल ते सगळं लिही म्हणालीस. तुला कल्पना आहे का हे किती सोपं आहे? गेल्या आठवड्यात डॉक्टर काय म्हणाला ते मला आठवत नाही, पण हे सगळं पाठ आहे. डाव्या भुवईत वण. संत्र्यांच्या पेटीवरून पडला होता, सहा वर्षांचा असताना. डावा कान थोडा पुढे आलेला, त्यावरून पोरं चिडवायची. केस दाट, कुरळे, आणि आंघोळीनंतर कधी म्हणून पुसायचा नाही. पाठ ओली करत घरभर फिरायचा आणि मी ओरडायची. कॉफीत साखर तीन चमचे. त्या दिवशीही मी कॉफी ठेवली होती. म्हणाला, "आई, ब्रेड घेऊन आलोच." बेकरी नाक्याच्या पलीकडे होती.

आणि हो, सगळे म्हणायचे पोरगा मामाच्या वळणावर गेलाय. आपल्यात म्हणतातच ना, मुलगा दोन तृतीयांश मामाचा. अफीफही, म्हणजे तुझा बाप, छाती फुगवून सांगायचा, "बघा, माझीच नक्कल आहे." अल्ला त्याला जन्नत देवो, फार जीव होता त्याचा भाच्यावर.

तुला एक गोष्ट माहीत नसेल. या घरात अडतीस वर्षांत बिनसाखरेची कॉफी झालेली नाही. ती कॉफी मयताच्या घरी करतात, तीन दिवस, भेटायला येणाऱ्यांसाठी. लोकांनी मला फार समजावलं. मौलवी आले, माझी सासू आली. "नाझिक, आता त्याचं दुःख पाळ, कॉफी कर, मोकळी हो." मी म्हटलं, मयत दाखवा, कॉफी करते. हैसमचे वडील गेले तेव्हासुद्धा कडू कॉफी रियादच्या आईच्या घरी उकळली आणि किटल्या भरून इकडे आणल्या. माझ्या चुलीवर नाही. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत.

तू फोटो कर. मी वाट बघतेय, आणि वाट बघायची मला चांगलीच सवय आहे.

आत्या

*

दुबई, २८ मे २०२३

प्रिय आत्या,

हा घे तुझा हैसम.

जाड कागदावर छापून घेतलाय. भुवईतला वण बघ, कान बघ. केस मागे गेलेत आणि पांढरे झालेत, पण कुरळेच आहेत. यंत्र हाडांवरून हिशेब करतं, वय वाढलं की गाल किती उतरतील, डोळ्यांखाली किती सुरकुत्या येतील. जास्त मला समजावता येणार नाही.

आवडला का, एवढंच कळव. मूळ फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून परत पाठवलाय.

लमीस

*

सैदा, ११ जून २०२३

माझ्या सोन्या,

पाकीट उघडलं आणि खाली बसले. रियादची आई धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. मी तिला म्हटलं, "बघ, माझा पोरगा म्हातारा झालाय!" दोघी हसलो आणि रडलो, रडलो आणि हसलो. ती म्हणाली, "नाझिक, हा तर तुझ्यापेक्षा थकलेला दिसतो."

चौकट करून घेतली. आता तो जेवायच्या टेबलाशी असतो. मी त्याला रागावतेसुद्धा, किती वाळलास, कोणी खायला घालत नव्हतं का तुला? बाजारातून त्याच्यासाठी एक शर्ट आणला, निळसर. दुकानदाराने माप विचारलं. आधी मला सांगता येत नसे, आता मी फोटोच काढून पुढे केला.

बैरूतला हरवलेल्यांच्या घरच्यांची बैठक असते, तिथेही घेऊन गेले. इतकी वर्षं मी तिथे एक पोर छातीशी धरून बसायची. या वेळी मी एका पुरुषाची आई होते.

तुझे हात चांदीचे होवोत. तुझ्या बापाला वर कळलं असेल.

आत्या

*

दुबई, १६ जुलै २०२३

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

तुला एक सांगायचंय, रागावू नकोस. फोटो बनवताना तो माझ्या पडद्यावर शुक्रीसाहेबांनी पाहिला होता. "हे कोण?" मी सांगितलं. तेव्हापासून यावर लिही म्हणून ते मागे लागले होते. शेवटी मी लिहिलं. तुझं नाव बदललं, पण गाव आणि दोन्ही फोटो तसेच राहिले. मथळा मी दिलेला नाही. 'अडतीस वर्षांनी यंत्राने आईला मुलगा परत दिला.' सहा लाख लोकांनी वाचलं. मला बढती मिळाली, आता 'उद्या' हे पान मीच बघते.

आधी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू हो म्हणाली असतीस आणि मला ते आणखी जड गेलं असतं. हे वाक्य तुला कळणार नाही. मलाही नीट कळलेलं नाही.

लमीस

*

सैदा, ३० जुलै २०२३

लमीस,

तुझं ते वाक्य मला बरोबर कळलं. मी शिक्षिका होते, नक्कल करून आणलेला निबंध मी वासावरून ओळखायची.

हे पत्र लिहायचं नव्हतं. माझ्यापुरतं असतं तर मी अळीमिळी गुपचिळी करून मेले असते. पण तुझी बातमी आली आणि माझ्या दाराशी बायका यायला लागल्या. त्रिपोलीहून, बालबेकहून, डोंगरातल्या गावांतून. आजपर्यंत अकरा. कोणाच्या हातात भावाचा फोटो, कोणाच्या नवऱ्याचा. "आम्हालाही करून दे, तुझी भाची आहे ना तिथे?" काल एक आली, माझ्याहून म्हातारी. तिच्याकडे फोटोच नव्हता. पिशवीतून तिने मुलाचा बूट काढला, एकच, आणि मला विचारलं, "यावरून चेहरा होईल का?"

मी काय सांगायचं तिला, लमीस? तू सांग.

कारण फोटोतल्या माणसाच्या नाकावर दोन खळगे आहेत. दोन्ही बाजूंना, अगदी लहान. चष्म्याचे. चाळीस वर्षं जाड चष्मा वापरला की पडतात तसे. हैसमने आयुष्यात चष्मा लावला नाही. मला ते फोटो आल्यावर आठव्या दिवशी दिसले, सकाळच्या उन्हात काच पुसताना. तो माझा भाऊ आहे. चष्मा काढलेला, कुरळे केस चिकटवलेला, भुवईला वण दिलेला माझा अफीफ.

मी गप्प राहिले. एक तर तू मायेने केलंस हे मला कळत होतं. आणि दुसरं, खोटं कशाला बोलू, तो गेल्यावर दोन वर्षांनी भाऊ समोर बसलेला बघून बरं वाटत होतं. त्याच्याशी मी हैसमबद्दल बोलायची.

पण आता एक झालंय, आणि ते मला सहन होत नाही. मी डोळे मिटते तेव्हा तो माणूस येतो. माझं पोर येत नाही. अडतीस वर्षं हाक मारली की यायचं, ओल्या केसांचं, आणि आता हाक मारली की हा म्हातारा येतो. ओळखपत्राचा फोटो हातात घेतला तरी त्याच्यावर याचाच चेहरा चढतो. माझ्याकडे एकच चेहरा होता गं, तोही गेला.

मला खरं लिही. सगळं.

आत्या

*

दुबई, ७ ऑगस्ट २०२३

आत्या,

खरं लिहिते.

तू अकरा वेळा वाचलेली ती बातमी पूर्ण नव्हती. मूळ इंग्रजी बातमीत शेवटी एक परिच्छेद होता. ज्यांनी ते यंत्र बनवलं त्यांचंच म्हणणं होतं त्यात. त्यांनी साठ जिवंत माणसांवर ते तपासलं होतं, आणि प्रत्येकाचे वेगवेगळ्या वयांतले फोटो त्यांच्याकडे होते. एकच फोटो असेल तर यंत्र मनानेच चेहरा रचतं, आणि कोणाला शोधायला तो चेहरा वापरू नये, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं. 'दोन वर्षांत कोणी बेपत्ता राहणार नाही' हे त्यांचं वाक्यच नाही. ते माझं आहे.

तो परिच्छेद मी कापला. शुक्रीसाहेबांनी नाही, मी. चारशे शब्दांच्या वर गेलं की आमच्याकडे शेपूट कापतात, कारण फोनवर तिथपर्यंत कोणी पोचत नाही. मी रोज कापते. कापताना हातही थांबत नाही. त्या दिवशी तू ती बातमी वाचशील असं एकदाही मनात आलं नाही.

फोटोचं तू ओळखलंसच. पहिले वीस प्रयत्न मी फक्त हैसमदादाच्या फोटोवर केले. दर वेळी कोणी तरी परका यायचा. कधी इटालियन नट, कधी तो निळा पुतळा मिशा लावून. एकही तुला पाठवण्यासारखा नव्हता. मग तुझं पत्र आलं, मामाच्या वळणावर गेलाय. मला वाटलं हाच रस्ता. बाबांचे सत्तावन्नाव्या वर्षीचे फोटो होते माझ्याकडे, माझ्या पदवीच्या समारंभातले. ते घातले. पडद्यावर जे आलं ते बघून मी दचकले, कारण ते खूपच जिवंत होतं. मी स्वतःला सांगितलं की रक्ताचंच तर आहे. खळगे मला दिसलेच नाहीत. बाबांचं नाक मला खळग्यांशिवाय माहीतच नाही ना.

मी दुरुस्ती लिहिली. शुक्रीसाहेब म्हणाले, "वाचकाला उद्या हवा असतो, पश्चात्ताप नको." पान माझ्या हातात होतं, मी तरीही लावली. तासाभराने त्यांनी ती खाली सरकवली. त्रेचाळीस जणांनी वाचली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून पान काढून घेतलं. त्याचं मला काही वाटत नाही, असं लिहिणार होते, पण खरं लिहायचं ठरलंय. वाटतं.

त्या बूटवाल्या बाईंना सांग, होणार नाही. माझ्या नावाने सांग. शिव्या मला घालू देत.

हैसमदादाचा चेहरा तुला परत कसा देऊ? मला सांग काय करू. काहीही सांग.

लमीस

*

सैदा, ३ सप्टेंबर २०२३

प्रिय लमीस,

आशीर्वाद. रडू आवर आणि नीट वाच, शेवटपर्यंत वाच.

तुझ्या पत्रानंतर चार दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तुला खूप बोलले, इथे लिहीत नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि तू तर काडीसुद्धा कापून दिलीस मला. पाचव्या दिवशी राग संपला. म्हातारपणी राग फार टिकत नाही, तोही दमतो.

मग मी विचार केला. हा सत्तावन्न वर्षांचा माणूस आला कुठून? यंत्राने केला खरा, पण त्याला वाढवत तर मीच आले होते. दर वर्षी त्याला एक वर्ष मोठा करायची. आता तीसचा, आता लग्न झालं असेल, आता केस पिकले असतील. पोराला मी घरी बसून म्हातारा केला. तो जिवंत आहे म्हटलं की त्याला म्हातारं व्हावंच लागतं. वारलेल्यांचं वय वाढत नाही, लमीस. हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी रियादच्या आईला हाक मारली आणि म्हटलं, "मोठी किटली आण, कॉफी करायचीय." ती म्हणाली, "साखर आहे ना घरात?" मी म्हटलं, "साखर नको." तिने माझ्याकडे पाहिलं आणि किटली आणायला गेली.

तीन दिवस दार उघडं ठेवलं. मशिदीत समोर मयत नसताना म्हणतात ती नमाज झाली. सगळा मोहल्ला आला. त्या अकराजणी आल्या. मी प्रत्येकीला खरं सांगितलं, फोटो दाखवला, खळगे दाखवले. तुझा निरोपही सांगितला. काहीजणी रडल्या. एक रागावली, म्हणाली, "तू हरलीस, आता लोक आम्हालाही हरा म्हणतील." तिचं चुकलं नाही. बूटवाली आली आणि कोपऱ्यात बसली, पिशवी मांडीवर घेऊन. कॉफी पुढे केली तर तिने कप हातात घेतला नाही. मी आग्रह केला नाही. तिच्यासाठी आत वेगळी केली, साखर घालून. ती प्यायली आणि माझ्या हाताचा मुका घेऊन गेली.

लोक म्हणाले, "त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो." अडतीस वर्षं हे वाक्य मी या घरात कोणाला बोलू दिलं नव्हतं. आता ऐकलं. त्याचं उरलेलं आयुष्य केवढं होतं गं, एकोणीसचाच तर होता.

तू विचारलंस काय करू. चौकटीतला फोटो परत पाठवतेय. तो तुझा बाप आहे, तुझ्याकडे ठेव आणि त्याला त्याचा चष्मा परत दे. शर्ट रियादच्या आईच्या जावयाला बसला. आणि जिथे कुठे नोकरी करशील तिथे शेवटचा परिच्छेद कापू नकोस. कोणी तरी बाई तिथपर्यंत वाचत असते.

आता शेवटचं. पहिल्या दिवशी, लोक यायच्या आधी, मी चुलीपाशी एकटी होते. कॉफी वर आली. हात सवयीने साखरेच्या डब्याकडे गेला, तो मी मागे घेतला. डोळे मिटले आणि भीतभीत हाक मारली. आला गं. पाठ ओली करत आला, भुवईत वण, कान पुढे. एकोणीस वर्षांचा. मी ओरडले नाही या वेळी.

मग पहिला कप मीच घेतला. फार कडू होती, लमीस.

तुझी,
नाझिकआत्या